शब्दचर्चा : 'वाहक' नक्की कोण?

विचारणा : दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारावरच्या जीन थेरपीचं, म्हणजे विषाणूमार्फत चांगलं जनुक पेशींत पोचवण्याच्या उपचाराचं, मराठी माहितीपत्रक करते आहे. एका पानावर 'आई-वडील दोघेही वाहक असतात' आणि पुढच्याच पानावर 'वाहक डोळ्यात सोडला जातो'. वाचून एका आजींनी विचारलं, "म्हणजे आईचं काहीतरी काढून बाळाच्या डोळ्यात घालणार का?" काय करावं? आणि या विषाणूला 'निष्क्रिय विषाणू' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद : आजींची शंका अगदी रास्त आहे. अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेल्या लक्सटर्ना या अशाच जीन थेरपीचं उदाहरण घ्या. मुलाकडे आरपीई६५ या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात. आई-वडिलांकडे सहसा एकेकच सदोष असते, त्यांना नीट दिसतं. त्यांच्यासाठी 'वाहक' रुळलेला आहे, तो तिथेच राहू द्या. विषाणूसाठी सरळ 'जनुक पोचवणारा विषाणू' लिहा. डॉक्टर 'वेक्टर' म्हणतात, तेही एकदा सांगून ठेवा.

प्रतिसाद : 'निष्क्रिय' मात्र नको, ताई. पोलिओच्या टोचायच्या लशीतला विषाणू निष्क्रिय, म्हणजे मारलेला. इथे विषाणूला पेशीत शिरावंच लागतं, नाहीतर जनुक पोचणार कसं? फक्त त्याची स्वतःची जनुकं काढून टाकलेली असतात, म्हणून तो वाढू शकत नाही. 'स्वतःची जनुकं काढलेला विषाणू' लांबलचक वाटेल, पण खरं आहे.

'निरुपद्रवी'ही लिहू नका. त्याचं कवच शरीराला परकंच वाटतं. म्हणून तर लक्सटर्ना देण्याच्या ३ दिवस आधीपासून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करतात. २०२१ मध्ये मधुमेही रुग्णांवरच्या एका वेगळ्या जीन थेरपीच्या चाचणीत जास्त मात्रेनंतर डोळ्यात तीव्र दाह झाला, डोळ्यातला दाब घसरला, एका रुग्णाची त्या डोळ्याची दृष्टी गेली. आता संशोधकांचा भर कमी मात्रेत काम करणाऱ्या कवचांवर आहे, तो याचसाठी. तेव्हा 'सुरक्षित उपचार' असं ठोकून देऊ नका. धोके कोणते आणि त्यांवर लक्ष कसं ठेवतात, ते लिहा.

विचारणाकर्ती : पटलं. 'दाह' ठेवू का?

प्रतिसाद : घरी 'दाह' म्हटलं की छातीतली जळजळ आठवते. त्यापेक्षा लक्षणंच द्या : डोळा लाल होणं, दुखणं, उजेड सहन न होणं, आधीपेक्षा अंधुक दिसणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, हे वाक्य ठळक अक्षरांत हवं.