मदत हवी आहे : एमजीबीचे स्टिअरिंग दर फेऱ्यात दोनदा जड होते

नमस्कार. माझ्याकडे १९६७ सालची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे आणि ती रत्नागिरीत असते. पावसाळ्यानंतर खाऱ्या हवेने गंजलेला पुढचा क्रॉसमेंबर (स्टिअरिंगचा रॅक ज्यावर बसतो तो आडवा भाग) उतरवून रंगवून घेतला. तेव्हापासून स्टिअरिंग प्रत्येक पूर्ण फेऱ्यात समोरासमोरच्या दोन जागी अडल्यासारखे जड होते, आणि भाट्ये पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलो की वळण संपल्यावरही ते आपसूक सरळ येत नाही, हाताने परत आणावे लागते. पुढची चाके जॅकवर उचलली तरी जडपणा कायम राहतो, त्यामुळे टायरच्या हवेवर माझा संशय नाही.

स्टिअरिंगचा दांडा (कॉलम) आणि चाके वळवणारा रॅक यांना जोडणारा युनिव्हर्सल जॉइंट काढून हातात फिरवून पाहिला, तो अगदी मोकळा आहे. तो सुटा केल्यावर कॉलम आणि रॅकही आपापल्या जागी हलके फिरतात. म्हणजे कॉलम आणि पिनियन (रॅक सरकवणारा दातेरी शाफ्ट) यांच्या मध्यरेषा जॉइंटच्या केंद्रात मिळायला हव्यात, तिथेच काही चुकत असावे. रॅकखालच्या पातळ शिम (उंची जुळवायच्या धातूच्या चकत्या) कोणत्या बाजूला किती होत्या, हे गॅरेजमध्ये कोणी लिहून ठेवले नाही. मला त्या नटबोल्टांसोबत एका करवंटीत परत मिळाल्या. (फोटो काढून ठेवायचे मलाही सुचले नाही.)

मूळ पद्धतीत दोन्ही शाफ्टवर टोकदार गेज बसवून टोके जुळवतात. असे गेज कोणी लेथवर करून घेतले आहेत का? सुरुवात कॉलमचे ब्रॅकेट सैल करून करावी की शिमपासून? चिपळूण ते कुडाळ या पट्ट्यात कोणी अनुभवी असल्यास मी गाडी टेम्पोवर घालून आणीन. सध्या ती चालवत आणण्याचे धाडस करणार नाही.