विषय: आजी-आजोबांचे फोटो, प्रदर्शनाआधी मतं हवीयेत

नमस्कार काका-काकू,

गेल्या हिवाळ्यात तुमच्याकडे कॅमेरा घेऊन येत होते ती मी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे, विषय म्हणजे भारतातून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला येणारे आजी-आजोबा. १८ फोटो निवडलेत पण भिंतीवर १२ च मावतात, लिंकमध्ये सगळे टाकलेत. नुसतं छान म्हणू नका प्लीज, कुठले सहा काढू ते सांगा. नंबर ७, खिडकीतल्या आजी, सरांना सगळ्यात आवडलाय, तो ३० इंच रुंद करून मधोमध लावायचाय, खाली "एकटेपणा" लिहून. मराठीतल्या चुकाही सांगा.

---
उत्तर १

अगं, दोनदा बघितले सगळे. मी हौसेने प्रिंट काढतो म्हणून आधी त्याचंच सांगतो. नंबर ७ तू बराच कापलायस ना? २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे मूळ फोटो ६००० पिक्सेल रुंद, अर्धा कापलास तर उरले ३०००. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १० इंचाचा सुरेख प्रिंट येईल, पण ३० इंचाला ताणलास तर इंचाला १०० च राहतात, लांबून चालेल पण आपली माणसं अगदी नाक लावून बघणार आणि पातळाचा काठ धुरकट दिसणार. दुसरं, स्क्रीनला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, नंबर १२ चं देवघर काळंकुट्ट येईल. आधी एक छोटी पट्टी छाप आणि हॉलच्याच उजेडात बघ. कागद मॅट घे.

फोटोचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर ठेवायची इकडे पद्धत आहे, पण तुझ्याकडे आज्या येणार, व्हीलचेअरवरचे आजोबा येणार, चार-पाच इंच खाली घे.

३, ४, ९ तिन्ही हातांचेच आहेत, एकच ठेव, औषधांच्या डबीचा. पोळी लाटणारे हात सगळ्यांनी बघितलेत. तिकडून सहा महिन्यांच्या गोळ्या मोजून आणायच्या आणि रविवारी वारांच्या खणांत भरायच्या, हे मी आईबाबांचं दर वर्षी बघतो आणि ते फोटोत आलेलं पहिल्यांदाच बघितलं.

---
उत्तर २

नंबर ७ म्हणजे माझी आई. फोटो फार सुंदर आलाय हे आधी सांगते, कारण पुढचं लिहिताना मला जड जातंय. आई आता साताऱ्याला परत गेलीय, काल व्हिडिओ कॉलवर तिला दाखवला तर खूष होऊन म्हणाली, अगं ही मी बसची वाट बघतेय. तीन पंचवीसला नातवाची स्कूल बस वळणावर दिसली की ती दार उघडायला जायची, बर्फ असो काही असो. मग मी तुझं शीर्षक वाचून दाखवलं. ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, लोकांना वाटेल लेकीने मला नीट ठेवलं नाही.

तिला इकडे कधी एकटं वाटलंच नाही असं मी म्हणत नाही, जानेवारीतल्या दुपारी मी ऑफिसात आणि ती घरात, वाटलं असणारच. पण ते तिने सांगावं. फोटो काढायला तू तिला विचारलं होतंस, शीर्षकाचं नव्हतं विचारलंस. मूळ फोटोत बाहेरचा रस्ता दिसतो का गं?

---
उत्तर ३

काकू, सॉरी, मनापासून. रात्रीच मूळ फाइल उघडली. उजवीकडे रस्ता दिसतोय आणि खिडकीच्या कठड्यावर झाकलेली वाटी आहे, बहुतेक सफरचंदाच्या फोडी, मला तो पसारा वाटला म्हणून मी कापला होता. आता अख्खा फोटो लावतेय, काका म्हणाले त्या हिशोबाने २० इंच नीट येतो, आणि खाली "तीन पंचवीसची बस" लिहीन. सरांना उद्या सांगणार आहे, त्यांना नाही आवडलं तरी हाच लावणार. बाकीच्या ११ जणांनाही शीर्षकं फोनवर वाचून दाखवते आणि मगच छापायला देते. ३ आणि ४ काढले, अजून चार काढायचेत.

आजींशी मला स्वतःला बोलायचंय. साताऱ्याला सकाळी किती वाजता फोन केला तर चालेल?