मदत हवी आहे: दंगलीनंतर दोन्ही वस्त्यांनी मिळून चालवायच्या अभ्यासिकेसाठी निधी कसा उभा करावा?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी गावात दंगल झाली, केसेस अजून कोर्टात आहेत, आणि नाव आलं की चर्चा भलतीकडे जाईल.

दंगलीनंतर व्यवहार सगळ्यात आधी सुरू झाला. कापणीला आलेली बाग कोणासाठी थांबत नाही. घड कापणारी टोळी एका वस्तीतली, बागायतदार दुसऱ्या वस्तीतला. संचारबंदी उठली तसे ट्रक भरायला लागले. पण पोरांचं एकत्र बसणं थांबलं ते थांबलंच. ग्रामपंचायतीच्या जुन्या वाचनालयात पूर्वी दोन्हीकडची मुलं पोलीस भरतीचा, तलाठी परीक्षेचा अभ्यास करायची, एकच चालू घडामोडींचं पुस्तक पानं वाटून घेऊन वाचायची. आता काही जण मंदिराच्या सभामंडपात बसतात, काही मदरशाच्या वरच्या खोलीत. ज्यांची नावं गुन्ह्यात आली त्यांचं चारित्र्य पडताळणीत अडतं, आणि त्यांचे धाकटे भाऊ हे रोज बघताहेत. मला सगळ्यात जास्त काळजी या धाकट्यांची वाटते.

दोन्हीकडच्या काही आया आणि निवृत्त शिक्षक मिळून आम्ही संस्था नोंदवली. ग्रामपंचायतीने ठराव करून वाचनालयाची इमारत वापरायला दिली. पत्रे बदलायचे आहेत, वायरिंग नवं करायचं आहे, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं. आणि खरा प्रश्न दर महिन्याच्या खर्चाचा: वीजबिल, आणि संध्याकाळी अभ्यासिका सांभाळणाऱ्या दोघांचं मानधन. दोघं म्हणजे प्रत्येक वस्तीतला एक, यावर आम्ही ठाम आहोत.

अडचण अशी की दंगलीनंतर सरकारी पैसा येतो तो वेगवेगळ्या दारांनी. जातीय हिंसाचारात कुणी दगावलं किंवा कायमचं अपंगत्व आलं तर केंद्राची २००८ पासूनची योजना आहे, २०१६ मध्ये तिची रक्कम ३ लाखांवरून ५ लाख झाली. अनाथ झालेल्या मुलांच्या शिक्षणासाठी १९९२ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय सांप्रदायिक सद्भाव प्रतिष्ठान. हे हवंच, पण ते एकेका कुटुंबासाठी. आमदार निधीतून गेल्या काही वर्षांत इकडे सभामंडप झाला, तिकडे कब्रस्तानाला संरक्षक भिंत. दोन्ही कामं गरजेची होती, तक्रार नाही. मात्र दोघांचं मिळून असं एकही काम झालं नाही. शांतता समितीची बैठक गणपती आणि ईदच्या आधी होते, चहा होतो, तिच्या हातात निधी नसतो.

मी बाहेरची उदाहरणं वाचत होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांत अनेक वर्षं हिंसा झालेल्या उत्तर आयर्लंडमध्ये १९८६ पासून सलोख्यासाठी आंतरराष्ट्रीय निधी आहे आणि १९९५ पासून युरोपीय संघाचा 'पीस' कार्यक्रम. त्याच पैशातून डेरी शहरात फॉइल नदीवर पादचारी पूल झाला, २०११ मध्ये खुला झाला. एका काठाला मुख्यतः कॅथलिक वस्ती, दुसऱ्या काठाला प्रोटेस्टंट वस्ती मोठी. निधी देतानाच विचारतात की हे काम दोन्ही समाज वापरणार का. आपल्याकडे हा प्रश्न विचारणारं कोणतं खातं आहे का?

आपल्याकडे काही झालंच नाही असंही नाही. १९७० मध्ये भिवंडी आणि जळगाव एकाच वेळी पेटले होते, न्या. मादन आयोगाने दोन्हींची चौकशी केली. त्याच भिवंडीत १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या (दोन्ही समाजांतले रहिवासी आणि पोलीस यांच्या) उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

मला विचारायचंय:
तंटामुक्त गाव मोहिमेचं (२००७ ची) बक्षीस कुणाच्या गावाने अशा सामाईक कामाला वापरलंय का? कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी 'सलोखा' या नावाने मिळतो का? आणि मानधनासाठी कोण पैसे देतं?

प्रतिसाद १
ताई, अर्जात सलोखा हा शब्द मथळ्यात नको. सीएसआरचा पैसा कशावर खर्च करता येतो त्याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे; तीत तो विषय नावाने नाही, पण सार्वजनिक वाचनालय उभारणं त्यात स्पष्ट लिहिलंय आणि शिक्षणही आहे. त्या दारातून जा. दोन्ही वस्त्यांची समिती, दोन सांभाळणारे, हे कामाच्या पद्धतीत लिहा. ते तिथेच शोभतं. कंपनीने आपल्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो, म्हणून जिल्ह्यात कारखाना असलेल्यांकडे आधी जा. तुम्हाला १२ए, ८०जी (आयकराच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थांची) नोंदणी लागेल, शिवाय तशाच कामाचा ३ वर्षांचा अनुभव. संस्था नवी असेल तर जिल्ह्यातल्या जुन्या शिक्षणसंस्थेला सोबत घ्या.

प्रतिसाद २
परदेशी देणगीच्या मागे सध्या लागू नका. एफसीआरएला (परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणीला) ३ वर्षं जुनी संस्था आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि २०२० नंतर दुसऱ्या संस्थेमार्फतही तो पैसा घेता येत नाही. पत्रे, वायरिंग यासाठी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात काम घाला. स्वच्छतागृह वित्त आयोगाच्या पाणी-स्वच्छतेच्या बंधित (त्याच कामाला वापरायच्या) निधीत बसू शकतं, ग्रामसेवकांना विचारा. मानधनाचं मात्र गावातूनच करा. केळीच्या हंगामात गाडीमागे ठरावीक वर्गणी, बागायतदार आणि टोळीचा मुकादम दोघांकडून, एकाच पावतीपुस्तकावर.

धागाकर्ती
दोघांचे आभार. गाडीमागे वर्गणीची कल्पना पुढच्या बैठकीत मांडते. १२ए आणि ८०जी आमच्याकडे आहे, ३ वर्षांचा अनुभव नाही. खान्देशात वाचनालय चालवणारी आणि सीएसआर-१ नोंदणी असलेली कुणाची संस्था असेल, आणि समिती आमच्या पद्धतीची राहू देणार असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.