शिक्षणाधिकाऱ्यांनी पालकांना थेट पत्र पाठवावं का? तुमचं मत सांगा

बालाघाटचा पालक (धागा सुरू करणारे)

आमच्या शाळेतले गणिताचे गुरुजी समायोजनात, म्हणजे जास्तीचे ठरलेले शिक्षक दुसरीकडं देतात त्यात, दुसऱ्या तालुक्यात गेले. पालकांना हे ना शाळेकडून कळलं, ना ऑफिसकडून. कळलं ते पारावर, आणि पारावर येईपर्यंत त्याचं 'सातवीचा वर्ग बंद होणार' असं झालं होतं. काही घरांनी लगोलग दाखले काढले आणि लेकरं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवली. वर्ग बंद झालाच नाही. पण पट घटला. 30 सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं, तेव्हा नुसत्या अफवेनं उद्या खरोखरचं पद जाऊ शकतं.

माझं म्हणणं असं आहे की जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, स्वतःच्या सहीनं पालकांच्या नावे एक पानाचं पत्र काढावं. कुठल्या शाळेत कोणतं पद रिकामं आहे आणि ते कधीपर्यंत भरणार. कोणत्या खोल्या धोकादायक ठरल्या, त्या पाडायच्या, म्हणजे निर्लेखनाचा, प्रस्ताव कुठं अडकलाय. कमी पटाच्या कोणत्या शाळेबद्दल काय हालचाल चालू आहे, आणि का. निर्णय झाल्यावर नाही, प्रस्ताव असतानाच.

आपण कुणाची मेहेरबानी मागत नाही. माहिती अधिकार कायदा 2005 चं कलम 4 सरकारी कार्यालयांना बरीचशी माहिती कुणी अर्ज करायच्या आधीच, स्वतःहून जाहीर करायला सांगतं. लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्याची सगळी वस्तुस्थिती मांडा, आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना कारणं सांगा, हे त्याच कलमात आहे. पूर्वी निदान आपल्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याला गाठता यायचं, शिक्षण समितीत विषय निघायचा. मार्च 2022 मध्ये मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढं वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत राहिले. त्या काळात साध्या माणसानं विचारायचं कुणाला?

शिक्षकांनी जरूर लिहावं. विरोधात असाल तरी लिहा.

शिक्षिका, द्विशिक्षकी शाळा

दादा, माझा विरोध आहे. पहिली ते चौथी चार वर्ग आणि आम्ही दोघी. त्यातली एक मुख्याध्यापकाचा प्रभार सांभाळते. यू-डायस प्लसवर शाळेची माहिती भरणं, आधार जुळवणी, लेकरांचे अपार आयडी (ओळख क्रमांक), पोषण आहाराची रोजची नोंद, आणि ग्रुपवर 'दुपारी 4 पर्यंत तातडीने सादर करावे'. तुमचं पत्र निघेल साहेबांच्या सहीनं. त्यातली माहिती भरणार कोण? आम्हीच. एक नवा तक्ता, एक नवी लिंक, आणि तेवढा वेळ तिसरीच्या लेकरांच्या वाचनातून जाणार.

दुसरं, पालकांशी बोलायचं काम कायद्यानं शिक्षकाकडं दिलंय. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 24 वाचा: शिक्षकानं नियमित पालकसभा घ्यावी आणि लेकराची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती पालकांना सांगावी. पालकाला आपलं लेकरू वाचतं की नाही हे हवं असतं. ते जिल्ह्याहून आलेल्या पत्रात कसं कळणार? आणि सभा ठेवली की पेरणी असते, काढणी असते, लग्नं असतात. आलेल्या चार आयांशीच आम्ही बोलतो. पत्र वाचायला तरी कोण येणार आहे?

निवृत्त केंद्रप्रमुख

बाईंचा त्रास खरा आहे, तो मी वर्षानुवर्षं जवळून पाहिलाय. पण बालाघाटच्या पालकांनी जी माहिती मागितली ती शाळेकडून नव्यानं मागवायची गरजच नाही. मंजूर पदं, कार्यरत पदं, रिक्त पदं हे संच मान्यतेत असतं. समायोजनाच्या याद्या आस्थापनेच्या टेबलावर तयार होतात. निर्लेखनाचे प्रस्ताव बांधकाम विभागाकडे फिरत असतात. हे सगळं जिल्ह्याच्या ऑफिसात असतंच, फक्त ते तिथून वर जातं, मंत्रालयाकडं. खाली पालकाकडं येत नाही.

माझी शंका वेगळी आहे. असं पत्र निघालं की महिन्याभरात त्याचं काय होतं? वृक्षारोपण, प्रभातफेरी, सत्कार, मान्यवरांचे फोटो. रिक्त पदाची ओळ पहिल्याच पत्रात शेवटी जाते आणि तिसऱ्या पत्रात गळून पडते. त्यात शिक्षणाधिकाऱ्याचं पद कित्येकदा प्रभारी माणसाकडं असतं. जो स्वतः कधी जाईल याचा नेम नाही, तो 'अमुक तारखेपर्यंत गणिताचा शिक्षक देतो' असं लिहून सही करेल काय? म्हणून पत्राला ठरलेला साचा हवा. रिकामी पदं, धोक्याच्या खोल्या, चालू प्रस्ताव, मागच्या पत्रातलं काय झालं. एवढंच. फोटो नको.

व्यवस्थापन समिती अध्यक्ष, लातूर

मी या कल्पनेच्या पूर्ण विरोधात आहे. शिक्षक भरती-बदलीची माहिती कळू नये असं माझं म्हणणं नाही. ती पालकांना थेट दिली तर शाळा व्यवस्थापन समिती मोडीत निघेल, म्हणून विरोध. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा समितीनं करायचा. 2024-25 ला गणवेशाचं काम समित्यांकडून काढून राज्यपातळीवर नेलं. काय झालं? अनेक शाळांत 15 ऑगस्ट उजाडला तरी गणवेश आला नव्हता, आला तो कुणाला ढगळ, कुणाला तोकडा. पुढच्या वर्षी काम परत समित्यांकडं आलं. वरून केलेल्या गोष्टींचं असंच होतं.

शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचंय ना? समितीला लेखी कळवावं. आम्ही मासिक बैठकीत वाचू, ठराव घेऊ, प्रश्न विचारू. पालक सुटा सुटा पत्र वाचून ग्रुपवर भांडत बसेल, त्यानं शिक्षक मिळत नसतो. समितीच्या ठरावाला वजन असतं.

बालाघाटचा पालक

अध्यक्षसाहेब, तुमची समिती बैठक घेते, चांगलं आहे. कित्येक गावांत प्रोसिडिंग बुक घरोघर फिरतं आणि सह्या होतात. महिला सदस्याच्या नावापुढं तिच्या नवऱ्याची सही असते. अशा समितीला पत्र दिलं तर ते फाइलला लागेल, पारावर अफवाच पोहोचेल. समितीला द्याच, पण समितीच्या पलीकडंही जाऊ द्या.

गणवेशाचं उदाहरण तुम्ही दिलं ते मला माझ्याच बाजूचं वाटतं. गणवेश लांबला तेव्हा पालकांनी शिव्या कुणाला दिल्या? वर्गातल्या गुरुजींना, बाईंना. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. जुलैमध्येच जिल्ह्यातून दोन ओळी आल्या असत्या की खरेदी राज्यपातळीवर आहे, कापड अजून आलेलं नाही, शाळेला दोष देऊ नका, तर बाईंच्या दारात भांडण झालं नसतं. ज्याच्या हातात निर्णय आहे त्यानंच तोंड द्यायचं, एवढीच माझी मागणी आहे.

शिक्षिका, द्विशिक्षकी शाळा

हे मात्र पटलं. गणवेशाच्या वेळी एका आजोबांनी मला शाळेच्या फाटकात उभं करून विचारलं, 'पैसे खाल्ले का बाई?' साहेबांच्या सहीचा एक कागद हातात असता तर दाखवला असता.

पण मग पत्रात शाळाशाळांच्या निकालाचे आणि चाचण्यांचे आकडे घालू नका. आमच्या शाळेत निम्मी लेकरं तांड्यावरची आहेत. घरात गोरमाटी बोलतात, पहिलीत मराठी कानावर नवीन असते. त्यांची तुलना गावातल्या शाळेशी करून टक्केवारी छापली की पालकांचा आमच्यावरचा विश्वास तुटतो आणि लेकरांना कमीपणा येतो.

ऊसतोड घरातली मुलगी, आता बीएला

सगळ्यांनी आपापलं मांडलं. आमच्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडं जूनपासून मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, सुरू होते. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडं निघतात. लेकरं मागं ठेवायची की न्यायची हे उचल घेताना घरात ठरतं. गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल तर लेकरू आजीजवळ राहतं, जेवणाची सोय होते, शाळा सुटत नाही. पण वसतिगृह मंजूर झालं का, हे कळतं कधी? गाड्या भरल्यावर. तोवर थोरली पोरगी धाकट्याला सांभाळायला फडाजवळच्या कोपीवर (झोपडीवर) पोहोचलेली असते. माझी मोठी बहीण अशीच पाचवीतून सुटली ती परत बसली नाही. वसतिगृह त्या वर्षी सुरू झालं होतं. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

शिक्षण हमी कार्डाचंही तेच. ते घेऊन गेलं तर तिकडच्या शाळेत लेकराला बसवता येतं. किती आयांना हे माहीत आहे? माझ्या आईला नव्हतं.

आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून भागणार नाही. घरात एक फोन, तो बापाच्या खिशात, बाप फडात. दवंडी द्या, मंदिराच्या भोंग्यावरून सांगा, रेशन दुकानावर कागद लावा. निर्णय समितीचा असो की साहेबांचा, आईच्या कानावर गेला पाहिजे आणि तो दसऱ्याच्या आधी गेला पाहिजे.

निवृत्त केंद्रप्रमुख

ताई, तुमचं म्हणणं कायद्याला धरूनच आहे. माहिती कशी पोहोचवायची तेही माहिती अधिकाराच्या कलम 4 मध्ये आहे. स्थानिक भाषेत, त्या भागात जी पद्धत सगळ्यात परिणामकारक असेल तिनं. सूचना फलक, वर्तमानपत्र यांच्याबरोबर जाहीर घोषणासुद्धा त्यात मोजली आहे. म्हणजे कोतवालाची दवंडी चालते. हंगामी वसतिगृहाचे प्रस्ताव ऑगस्टमध्ये मागवले तरच नवरात्रात मंजुरी सांगता येईल. उशीर तिथंच होतो.

पालक, परभणी

दोन गोष्टी. आमच्या मोहल्ल्यातली शाळा उर्दू माध्यमाची आहे, तिथं जिल्हा परिषदेचा प्रत्येक कागद मराठीत येतो. मला वाचता येतो, माझ्या अम्मीला नाही. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू घरं आहेत, उदगीरकडं कन्नड. पत्र काढणार असाल तर हा विचार आधीच करा.

दुसरं, खाजगी विनाअनुदानित शाळांचं काय? तिथं व्यवस्थापन समितीचं कलम लागूच नाही. तिथल्या गरीब लेकरांसाठी राखीव 25 टक्क्यांच्या प्रवेशाचं 2024 मध्ये काय झालं ते आठवा. फेब्रुवारीत नियम बदलला, जुलैमध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला, आणि मधले सगळे महिने गरीब पालक सायबर कॅफेवाल्याला विचारत फिरले. शिक्षणाधिकारी त्याही पालकांचे आहेत.

व्यवस्थापन समिती अध्यक्ष, लातूर

ऊसतोड घरातल्या ताईंचं वाचून एवढं मान्य करतो की मुदतीच्या गोष्टी थेट घरापर्यंत गेल्या पाहिजेत. वसतिगृह, हमी कार्ड, 25 टक्के प्रवेशाच्या तारखा, शिष्यवृत्तीचे अर्ज. त्यासाठी बैठकीची वाट बघता येणार नाही. पण शाळेच्या कारभाराचा विषय, म्हणजे पद, खोली, पट, हा समितीतच यावा. तिथं प्रश्न विचारणाऱ्याला समोरासमोर उत्तर मिळतं. पत्राला उलट प्रश्न कुणी विचारायचा? आणि उत्तर द्यायला साहेब गावात येणार आहेत का? माझा विरोध कायम आहे.

बालाघाटचा पालक

उलट प्रश्नाचा मुद्दा बरोबर आहे. म्हणून पत्राच्या खाली गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या भेटीचा दिवस आणि वेळ छापावी. आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढच्या पत्रात यावीत. पद आणि खोलीचा विषय मी सोडणार नाही. आमच्याकडं दाखले निघाले ते त्याच विषयावरून.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडतोय, आणि त्याची प्रत शिक्षणाधिकारी व मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना देणार आहे. वसतिगृहाची मागणी मात्र तोवर थांबवणार नाही, ती वेगळ्या अर्जानं या आठवड्यातच देतो. मसुद्यात काय घालायचं ते इथं सांगा.

शिक्षिका, द्विशिक्षकी शाळा

एक ओळ घाला: 'या पत्रासाठी कोणत्याही शाळेकडून नव्याने माहिती मागवू नये, कार्यालयात उपलब्ध असलेलीच माहिती वापरावी.' ती ओळ ठेवलीत तर मी माझ्या गावच्या ग्रामसभेत येऊन या ठरावाच्या बाजूनं बोलेन. काढलीत तर विरोधात बोलेन.