मदत हवी आहे: रिपीटर नसताना डोंगराआडच्या निवारा केंद्राशी रात्रीचा संपर्क कसा टिकवावा?

नमस्कार मंडळी,

आमचा परवानाधारक हॅमांचा, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटरांचा, छोटा गट आहे. आपत्तीत फोन ठप्प झाले तर नियंत्रण कक्षात एक स्टेशन आणि डोंगरापलीकडच्या निवारा केंद्रात दुसरं स्टेशन चालवायचं, ही जबाबदारी आम्ही स्वेच्छेने घेतली आहे. दोन्ही ठिकाणांमधलं सरळ अंतर साधारण ६० किलोमीटर. एरवी २ मीटर बँडवर रिपीटरमधून (उंचावर बसवलेलं, आपला आवाज पुढे पाठवणारं स्टेशन) स्वच्छ बोलणं होतं. पण ज्या दिवशी आपली खरी गरज लागेल, त्या दिवशी रिपीटर चालूच असेल असं धरून चालणं मला पटत नाही. ज्या वादळात लोकांचे फोन जातील, त्याच वादळात त्याचा टॉवर आणि वीजही सापडणार. म्हणून सरावात रिपीटर मुद्दाम बाजूला ठेवतो.

सिम्प्लेक्सवर, म्हणजे रिपीटरविना थेट सेट ते सेट, अर्थातच काही मिळत नाही. मध्ये अख्खा डोंगर आहे, तिथे हँडहेल्डचे ५ वॉट काय आणि गाडीतल्या सेटचे ५० वॉट काय. म्हणून एचएफवर (आकाशातून परतून लांब जाणाऱ्या लघुलहरींवर) आलो. दिवसा ४० मीटर बँडवर, ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास, काम उत्तम होतं. अडचण सूर्य मावळल्यानंतरची. हळूहळू आवाज विरत जातो आणि मग समोरचं स्टेशन पूर्ण गायब. गंमत म्हणजे त्याच वेळी शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं खणखणीत ऐकू येतात. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचएफवरून मुख्य भूमीशी संपर्क ठेवला होता, तेही समुद्रापलीकडे हजार किलोमीटरहून लांब. आणि आम्हाला शेजारचं खोरं गाठता येत नाही! निवारा केंद्रात लोक रात्रीच जास्त असतात, औषधांच्या मागण्याही रात्रीच येतात, त्यामुळे हे तसंच सोडून देता येणार नाही.

सेट दोन्हीकडे १०० वॉटचे आहेत. नियंत्रण कक्षाच्या गच्चीवर ४० मीटर बँडचा डायपोल (मधोमध केबल जोडलेल्या तारेचा अँटेना) आहे. निवारा केंद्रात जागा बेताची, म्हणून तिथे उभा व्हिप अँटेना लावतो. काहीजण म्हणतात ॲम्प्लिफायर घ्या. मला वाटतं की दुखणं ताकदीचं नाही, पण नेमकं कशाचं ते जाणकारांनी सांगावं.

दुसरा प्रश्न संदेशांचा. रात्री एक लांबचं स्टेशन आम्हा दोघांनाही ऐकतं आणि मधे रिले करतं. त्यांचे उपकार आहेतच. पण औषधांची यादी तीन तोंडांतून जाताना आकडे आणि नावं जशीच्या तशी पोचतील याची खात्री कशी करायची? आणि रुग्णांची माहिती उघड्या बँडवर किती बोलावी? ऐकणारे कोणीही असू शकतात.

प्रतिसाद १

ताई, ॲम्प्लिफायरवर पैसे घालू नका, तुमचा अंदाज बरोबर आहे. लांबचे जोरात आणि जवळचे गायब, म्हणजे तुम्ही स्किप झोनमध्ये आहात, लहर जो पट्टा ओलांडून पुढे पडते त्या पट्ट्यात. ६० किलोमीटरसाठी लहर जवळजवळ सरळ वर जाऊन आयनावरणाच्या (वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याच्या) एफ-२ थरावरून खाली यावी लागते. यालाच एनव्हीआयएस म्हणतात. सरळ वर पाठवलेली जी सर्वांत मोठी वारंवारता तो थर परत पाठवतो, तिला क्रांतिक वारंवारता म्हणतात. सूर्य गेल्यावर ती उतरते. ती ७ मेगाहर्ट्झच्या खाली गेली की तुमची लहर थर भेदून निघून जाते, मग कितीही वॉट ओता. तिरपी गेलेली लहर मात्र परत येते, म्हणून लांबचे ऐकू येतात.

उपाय म्हणजे रात्री ८० मीटर बँड, ३.६ मेगाहर्ट्झच्या आसपास. दिवसा तिथे आयनावरणाचा खालचा डी थर लहर शोषून घेतो, त्यामुळे दिवसा ४०, रात्री ८० अशी जोडी ठेवा. जवळच्या आयनोसोंडची (क्रांतिक वारंवारता मोजणाऱ्या यंत्राची) आकडेवारी नेटवर मिळत असेल तर आधीच काही संध्याकाळी बघून ठेवा. आपत्तीत नेट नसेल.

व्हिप आधी उतरवा. उभा अँटेना नेमका डोक्यावरच्या दिशेला जवळपास काहीच सोडत नाही, आणि तुम्हाला तीच दिशा हवी आहे. ३.६ मेगाहर्ट्झसाठी अर्ध-लहरी डायपोलची तार जवळपास ४० मीटर लागते. मधोमध ८-१० मीटरचा एकच खांब, दोन्ही टोकं खाली उतरती, पण माणसांच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर. या कामासाठी डायपोल उंच नको, बुटकाच बरा. ४० मीटर बँडसाठीच्या दोन तारा त्याच फीड पॉइंटला (केबल जोडतो त्या मधल्या जागी) जोडा, म्हणजे पावसात बाहेर जाऊन काही बदलावं लागणार नाही.

बँड बदलायची वेळ मात्र आधी ठरवून कागदावर ठेवा. संपर्क तुटल्यावर ‘आता कुठे भेटायचं’ हे विचारायला साधन उरत नाही. आणि वीज कडाडत असेल तर अँटेना काढून ठेवायचा, सेटपेक्षा ऑपरेटरचा जीव मोठा. असं गप्प झालेलं स्टेशन पुन्हा कधी हाक देणार, हेही आधीच ठरलेलं असावं.

प्रतिसाद २

संदेशांबद्दल. छापील फॉर्म वापरा: क्रमांक, प्राधान्य, वेळ, कोणाकडून, कोणाला, आणि मजकुरातल्या शब्दांची संख्या. घेणाऱ्याने शब्द मोजायचे. संख्या जुळली नाही तर तिथल्या तिथे विचारायचं. औषधाचं नाव फोनेटिक अक्षरांत (ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो असं), आकडे एकेक सुटे. रिले करणाऱ्याने मजकूर ‘सुधारायचा’ नाही, चुकीचा वाटला तरी. लांब याद्या विनलिंकवरून (रेडिओवरून ईमेल पाठवायची व्यवस्था) पाठवता आल्या तर उत्तम. मजकूर जसाच्या तसा पोचतो आणि मधल्या तोंडांचा प्रश्नच राहत नाही.

गोपनीयतेसाठी सांकेतिक भाषा वापरू नका. अर्थ लपवण्यासाठी मजकूर सांकेतिक करायला हौशी रेडिओत मनाई आहे. आमच्याकडे रुग्णांची नोंदवही केंद्रातच राहते आणि हवेवर फक्त नोंद क्रमांक, वय आणि गरज एवढंच जातं. नाव, पत्ता नाही. नोंदवहीची प्रत नियंत्रण कक्षात कशी पोचवायची, ते डॉक्टर आणि प्रशासनाने ठरवावं. तो निर्णय ऑपरेटरने परस्पर घेऊ नये.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. व्हिपचं कारण आता नीट कळलं. शब्दसंख्येची पद्धत पुढच्याच सरावात लावते. एकच शंका: केंद्राच्या आवारात सरळ ४० मीटर मिळत नाहीत, जेमतेम ३० मिळतील. टोकं वळवली तर चालेल का?

प्रतिसाद १

चालेल. मधला भाग जमेल तेवढा सरळ ठेवा, दोन्ही टोकांचे उरलेले ५-५ मीटर काटकोनात वळवून दोरीने ताणा. वळवल्यावर अनुनाद (तार ज्या वारंवारतेला जुळते ती) थोडा सरकेल, म्हणून तार आधी जराशी लांबच ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळतो ते सांगणारा आकडा) बघत कापा. टोकांना प्रसारणाच्या वेळी व्होल्टेज जास्त असतं, तेव्हा मुलं खेळतात त्या बाजूला ती नेऊ नका.