हॉस्टेलमध्ये एकाला मेंदूज्वर, म्हणून चारही मजल्यांना गोळ्या?

रानवारा
भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो. त्याच्या रूम पार्टनरला मेनिंगोकॉकस नावाच्या जंतूचा मेंदूज्वर झाला. (पोरगा आता आयसीयूतून बाहेर आलाय.) डॉक्टरांनी खोलीतल्या दोघांना आणि एका मैत्रिणीला सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकची ५०० मिग्रॅ.ची एकेक गोळी दिली. मैत्रीण का, ते भाच्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाकीच्यांना सांगितलं, ताप, उलट्या, मान आखडणं, अंगावर लालजांभळे ठिपके, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

झालं, पालकांचा ग्रुप पेटला. शेवटी रेक्टरनी मेसच्या दारात उभं राहून सगळ्यांना गोळ्या वाटल्या.

माझ्या मते हे चुकलं. हा जंतू साधारण दहातल्या एकाच्या घशात काहीही त्रास न देता राहत असतो. दुसऱ्याकडे जातो तो लाळेतून, शिंतोड्यांतून, तेही बराच वेळ जवळ राहिल्यावर. म्हणूनच रुग्णाच्या घरातल्यांना इतरांपेक्षा ५०० ते ८०० पट धोका असतो, आणि तरीही आजारी पडतात ते हजारात ४ च्या आसपास. मेसच्या रांगेत मागे उभं राहिलेल्याला गोळी कशासाठी? अशा उगाच वाटलेल्या गोळ्यांनीच जंतू औषधाला दाद देईनासे होतात, रेझिस्टन्स येतो.

नांदेडचा बाप
हजारात ४ म्हणायला सोपं आहे हो, त्या चारांत आपलं लेकरू नसेपर्यंत. सकाळी ताप आणि रात्री व्हेंटिलेटर असा हा आजार. आणि सर्दी-खोकल्याला पाच-पाच दिवस अ‍ॅझिथ्रो हे अँटिबायोटिक लिहून देतात, तेव्हा कुणाला रेझिस्टन्स आठवत नाही. आमच्या पोरांच्या एका गोळीवरच बरा आठवला!

सिस्टर_नाइट_ड्युटी
अ‍ॅझिथ्रोचं बोललात ते खरंच आहे. पण ती चूक होते म्हणून ही पण करायची का?

आमच्याकडे अशी केस आली की वॉर्डबॉयपासून लिफ्टमनपर्यंत सगळे गोळी मागायला येतात. गरज असते ती मास्क न लावता रुग्णाच्या घशात नळी घातली किंवा सक्शन केलं, म्हणजे घशातला स्राव ओढून काढला, अशा एखाद्या-दुसऱ्याला. बेडशीट बदलणाऱ्या मावशींना नाही. त्यांची समजूत काढता काढता अर्धी ड्युटी जाते.

शिवाय आधी जंतू कोणता ते बघा. न्यूमोकॉकस या दुसऱ्या जंतूचा किंवा व्हायरसचा मेंदूज्वर असेल तर जवळच्यांनाही गोळी देत नाहीत. सिप्रो चालत नसेल तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं एक इंजेक्शन, गरोदर बाईला तेच. नाहीतर रिफाम्पिसिन, १२-१२ तासांनी, दोन दिवस. त्याने लघवी नारिंगी होते, गर्भनिरोधक गोळ्या फेल जाऊ शकतात, आणि मुळात ते टीबीचं औषध आहे. आपल्या देशात ते मेसच्या दारात वाटायचं?

उलटा_चष्मा
रानवारा, आफ्रिकेतल्या नायजर देशातला प्रयोग वाचलाय का? २०१७ ची याच मेंदूज्वराची साथ, मादारुन्फा जिल्हा. काही गावांत फक्त रुग्णांच्या घरच्यांना सिप्रो दिली, काही गावांत अख्ख्या गावाला एकेक डोस, काही गावांत काहीच नाही. फक्त घरच्यांना देऊन सिद्ध होण्याइतका फरक पडला नाही. अख्ख्या गावाला दिली तिथे रुग्णांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. म्हणजे तुम्ही ज्याला चूक म्हणताय, तोच उपाय चालला.

रानवारा
वाचलाय. पण तिथे साथ चालू होती, गावागावांत रुग्ण होते. इथे एका इमारतीत एक. दुसरा रुग्ण निघाला असता तर मीही कदाचित वेगळं बोललो असतो.

दिल्लीचंही बघा. २००५ च्या साथीत सिप्रोला दाद न देणारे मेनिंगोकॉकस सापडले. उद्या खऱ्या रूम पार्टनरलाच ही गोळी लागू पडली नाही तर? शिवाय घशात याच जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद असतात, त्यांच्यामुळे थोडी प्रतिकारशक्ती येते. सरसकट गोळीने तेही साफ होतात.

नांदेडचा बाप
ठीक आहे, जवळच्यांची यादी करून फक्त त्यांनाच गोळी, हे तुमचं धरू. ती यादी करणार कोण? रेक्टर. माझी मुलगी तिथे असती आणि त्या पोराबरोबर हिंडत असती, तर रेक्टरच्या केबिनमध्ये जाऊन "हो सर, मी त्याच्या जवळ होते" म्हणाली असती? जीव गेला तरी नाही. एक सिगरेट चौघांत ओढणारी पोरंसुद्धा तोंड उघडत नाहीत. तुमची यादी पहिल्याच दिवशी खोटी. म्हणून म्हणतो, सगळ्यांना द्या.

सिस्टर_नाइट_ड्युटी
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. आजाराच्या आधीच्या ७ दिवसांत कोण जवळ होतं ते विचारायचं, आणि गोळी शक्यतो २४ तासांत द्यायची. तेवढ्या वेळात रेक्टरसमोर कोण खरं बोलणार? विचारणारी व्यक्ती बाहेरची हवी, एकेकाला बाजूला घेऊन, घरी कळवणार नाही असं सांगून. सिगरेटचं मात्र सोडा, नुसत्या उष्ट्या सिगरेटने सहसा कोणी यादीत येत नाही.

रानवारा
मैत्रिणीचं नाव भाच्यानेच डॉक्टरांना बाहेर कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं होतं. रेक्टरना अजूनही माहीत नाही.

नांदेडचा बाप
बघा! म्हणजे एक शहाणा पोरगा होता म्हणून निभावलं. तो नसता तर?

उलटा_चष्मा
आणि या मेंदूज्वराच्या लसीचं काय? हजला जाताना लागते, अमेरिकेतली कितीतरी कॉलेजं मागतात. इथे हॉस्टेलच्या फॉर्मवर तो रकानाच नाही. सरकारी लसीकरणात नाही, खाजगीत महाग आहे, हे मान्य. पण जिमच्या फीपेक्षा महाग?