टिकलीच्या जागी पांढरा डाग आणि घरात लपवालपवी

कोकणकडा७ :
बहिणीच्या (वय २४) कपाळावर टिकलीच्या जागी आधी पांढरा ठिपका आला, मग बोटांवर आणि आता ओठाच्या कडेला पण. स्किनच्या डॉक्टरांनी कोड म्हणून सांगितलं, मलम दिलंय, थायरॉइडची टेस्ट लिहून दिलीय. पण खरा ताप घरातच आहे. आईने मासे, दूध, आंबट सगळं बंद केलंय, आत्या म्हणते लग्न ठरेपर्यंत कुठे बोलू नका, बघायला येतील तेव्हा फाउंडेशन लावा, आणि बहीण आता हळदीकुंकवाला जात नाही, फोटोत मागे उभी राहते, हात ओढणीत. स्थळांना आधी सांगायचं का?

मीठभाकर :
टिकली आधी बंद करा. तिच्या गोंदात पीटीबीपी नावाचं केमिकल असू शकतं, ते रंग बनवणाऱ्या पेशीच मारतं, रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पण असेच डाग पडतात. पण बोटं आणि ओठ म्हणजे बहुतेक नेहमीचंच कोड, आपलीच इम्युनिटी त्या पेशींवर उलटते. थायरॉइड पण त्यासाठीच बघतात, तिथेही कधीकधी हाच प्रकार असतो. मासे-दुधाचा काहीएक संबंध नाही, तिला बांगडा वाढा बिनधास्त.

श्रावणसर :
मला आठवीपासून आहे. शिवल्याने होत नाही हे सगळ्यांना पाठ असतं, तरी बसमध्ये दांडा धरला की शेजारचा हात सरकतो. काहींना अजून महारोगच वाटतो, अरे त्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, आमच्या डागाला सगळं कळतं 😐
डॉक्टरांकडे दहा प्रश्नांचा एक फॉर्म असतो, कपडे, लाज, काम, नाती असं, ३० पैकी मार्क, जास्त म्हणजे वाईट. डाग किती मोठे हे त्यात विचारतच नाहीत. माझे सगळ्यात जास्त मार्क आले ते स्थळं बघत होते तेव्हा, डाग तर त्या वर्षी वाढले पण नव्हते.
त्यामुळे पहिल्या फोनवरच सांगून टाका. नकार येतील, पण फोनवर येतील, पोहे खाऊन झाल्यावर नाही. आणि पुण्यात डॉ. माया तुळपुळेंनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन आहे, कोड असलेल्यांसाठीची संस्था, तिथे एकदा घेऊन जा तिला, आईला पण न्या.

खवचट_खानदेशी :
बावचीचं तेल चोळून उन्हात बसवू नका कुणाच्या सांगण्यावरून. आमच्या गल्लीत एका पोराला असे फोड आले की विचारू नका. आता नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे मशीनच्या ठरावीक अतिनील लाइटचा शेक देतात, आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन् महिने. चेहरा बरा भरतो, बोटांची टोकं आणि ओठ हट्टी. नवीन डाग येतायत तोवर ग्राफ्टिंगच्या (चांगली त्वचा काढून डागावर लावतात ते) नादी लागू नका, वर्षभर तरी स्थिर पाहिजे.

कोकणकडा७ :
थँक्स सगळ्यांना. टिकल्यांचं पाकीट फेकलं, आईने लगेच दुसरं आणलं 😀 ते यूव्हीबी ऑफिस सांभाळून जमतं का?

श्रावणसर :
जमतं. लाइटखाली काही मिनिटंच उभं राहायचं असतं, वेळ जातो तो नंबर लागेपर्यंत. सकाळचा पहिला नंबर घ्या.